भाताच्या बांधावर वाळ्याचा सापळा

उन्हाळ्यात माठात सोडलेली वाळ्याची जुडी आणि खिडकीवर ओले करून लावलेले वाळ्याचे पडदे भारतीयांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. याच वाळ्याचा एक निराळा उपयोग गेल्या दीड-दोन दशकांत चीनमधील भातशेतीत करण्यात येत आहे. भाताचे खोड पोखरणाऱ्या एका किडीची मादी वाळ्याच्या पानांकडे आकृष्ट होते, त्यावर अंडी घालते आणि त्या अंड्यांतून बाहेर पडलेल्या अळ्या पूर्ण वाढ होण्यापूर्वीच मरतात. परिणामी किडीची पुढची पिढी भातापर्यंत पोहोचतच नाही किंवा फार थोड्या संख्येने पोहोचते.

वाळा मूळचा भारतातला. साडेचार कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर भात पिकविणाऱ्या या देशात हा उपाय तसाच्या तसा लागू पडेल काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर सरळ 'होय' किंवा 'नाही' असे देता येत नाही. शेतात कोणत्या जातीचा खोडकिडा आहे आणि आमिषाजवळ आलेल्या किडीचे पुढे काय केले जाते, या दोन गोष्टींवर ते अवलंबून आहे.

खोडात दडलेला शत्रू

भातावर अनेक किडी येतात. तुडतुडे पानांतील आणि खोडातील रस शोषतात, गादमाशी नव्या फुटव्यांचे नळीत रूपांतर करते, लोंबीवरील ढेकण्या दुधाळ दाण्यातील रस शोषून दाणे पोचट करतो. या सर्वांत खोडकिडा हा देशाच्या जवळजवळ सर्व भात-पट्ट्यांत आढळणारा आणि आटोक्यात ठेवण्यास अत्यंत अवघड असा शत्रू मानला जातो. भारतात त्याची पिवळी जात सर्वाधिक प्रमाणात दिसते. तिच्या मादी पतंगाचे पुढचे पंख पिवळे असून प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो. मादी पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते. एका पुंजात साधारण ५० ते ८० अंडी असतात आणि त्यांवर तपकिरी-पिवळसर लव असते.

साधारण आठवडाभरात अंडी उबून अळ्या बाहेर पडतात आणि काही काळातच खोडाला छिद्र पाडून आत शिरतात. पीक फुटव्याच्या अवस्थेत असताना अळीने आतील गाभा कुरतडला, तर मधला पोंगा सुकतो आणि ओढल्यास सहज हाती येतो. याला 'गाभेमर' म्हणतात. पीक पोटरीत किंवा निसवण्याच्या अवस्थेत असताना हल्ला झाला, तर लोंबी बाहेर येते. पण ती पांढरी आणि दाण्यांविना असते. कोकणातील शेतकरी हिला 'पळींज' या नावाने ओळखतात. सुरुवातीच्या नुकसानीची भरपाई भाताचे रोप नवे फुटवे काढून काही अंशी करू शकते. पळींज पडल्यानंतर मात्र त्या हंगामात ती लोंबी गेली ती गेलीच.

औषध फवारून ही कीड मारण्यात मुख्य अडचण वेळेची आहे. अंडी फुटल्यापासून अळी खोडात शिरेपर्यंतचा अवधी फार थोडा असतो. त्यानंतर फवारलेले औषध पानांवर राहते आणि अळी खोडात सुरक्षित असते. म्हणून मुळांवाटे शोषली जाऊन सर्व झाडात भिनणारी दाणेदार कीटकनाशके भाताच्या खाचरांत दीर्घकाळ वापरली गेली. त्यांपैकी 'फोरेट' या अत्यंत विषारी कीटकनाशकाचा वापर केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्णपणे बंद करण्यात आला.

बेसुमार फवारणीचा आणखी एक परिणाम आशियातील शास्त्रज्ञांना १९७० आणि १९८० च्या दशकांत दिसून आला. कीटकनाशकांमुळे कोळी, चतुर, मिरीड ढेकूण यांसारखे मित्रकीटक आणि भक्षक मरतात आणि तपकिरी तुडतुड्यांना मोकळे रान मिळते. इंडोनेशियात या तुडतुड्यांनी इतका हाहाकार माजविला, की तेथील सरकारने १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरील ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली. एका किडीसाठी मारलेले औषध दुसऱ्या किडीला आमंत्रण ठरते, हा धडा तेव्हापासून भातशेतीच्या अभ्यासात कायमचा नोंदला गेला. औषधाला पर्याय शोधण्याच्या प्रयत्नांना त्यामुळेच वेग आला.

आमिष कोणाला बोलावते?

किडीला आमिष दाखवून पकडण्याची कल्पना शेतकऱ्यांना नवी नाही. ईशान्य भारतात भाताच्या शेतात बांबूच्या काड्यांवर कुजलेले खेकडे टोचून ठेवण्याची पद्धत आहे. त्या वासाने लोंबीवरील ढेकण्या गोळा होतात आणि मग ते मारले जातात. आंब्यावरील फळमाशीसाठी दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला 'रक्षक' सापळा कोकणात सर्वपरिचित आहे. त्यात वापरले जाणारे मिथाइल युजेनॉल हे द्रव्य निसर्गत: तुळशीच्या पानांतही असते. वनस्पतीचा गंध कीटकाला ओढून आणतो, याचे हे रोजच्या व्यवहारातील उदाहरण होय.

परंतु सापळा कोणत्या कीटकाला बोलावतो, हे पाहणे महत्त्वाचे असते. प्रकाश सापळ्याकडे रात्री उडणारे सर्वच कीटक येतात. त्यांत हानिकारक पतंगांबरोबर उपयुक्त कीटकही सापडतात. कामगंध सापळ्यात मादीच्या शरीरातून निघणाऱ्या गंधाची कृत्रिम नक्कल असलेली गोळी ठेवली जाते. पिवळ्या खोडकिड्याच्या मादीचा हा गंध प्रामुख्याने दोन रसायनांच्या सुमारे तीनास एक अशा मिश्रणाने बनलेला असतो, हे १९८० च्या दशकात निश्चित झाले. त्यानंतर भारतातही असे सापळे वापरात आले. किडीवर नजर ठेवण्यासाठी हेक्टरी थोडे सापळे पुरतात. मोठ्या प्रमाणावर पतंग पकडायचे असल्यास हेक्टरी २० सापळ्यांची शिफारस केली जाते.

कामगंध सापळ्यात फक्त नर येतात. शेतात नर पुष्कळ असतील, तर सापळ्यातून वाचलेले नर उरलेल्या माद्यांना पुरेसे होतात. शिवाय आधीच मीलन झालेली मादी शेजारच्या शेतातून उडत आली, तर तिला या सापळ्याचे काहीच सोयरसुतक नसते. गंधाची गोळीही काही आठवड्यांनी बदलावी लागते.

वनस्पतीचे आमिष मात्र अंड्यांनी भरलेल्या मादीला बोलावते. संध्याकाळनंतर मादी अंडी घालण्यासाठी योग्य झाड शोधत असते. झाडातून हवेत मिसळणारी गंधद्रव्ये, पानांचा रंग, त्यांची उंची आणि पृष्ठभाग यांवरून ती निवड करते. भातापेक्षा तिला अधिक आवडणारे झाड जवळच असेल, तर ती तिकडे वळते. एक मादी वळली, म्हणजे तिच्या पोटची शेकडो अंडी वळली. वनस्पती-आमिषाचे खरे सामर्थ्य यात आहे.

सापळा पीक आणि त्यातील धोका

अशा झाडाला कृषिशास्त्रात 'सापळा पीक' म्हणतात. कोबीच्या शेतात ठरावीक ओळींनंतर मोहरी लावावी, म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे जातो, ही शिफारस बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने केली होती. टोमॅटोबरोबर लावण्यात येणारा झेंडू हाही अशाच सापळा पिकाचा प्रकार आहे.

या पद्धतीत एक धोकाही आहे. सापळा पिकावर घातलेल्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडल्या, तेथेच पोसल्या आणि पतंग होऊन उडाल्या, तर ते सापळा पीक किडीचे संगोपनगृह बनते. म्हणून सापळा पिकावरील अंडी वेळेवर वेचणे, तेवढ्याच ओळीवर औषध मारणे किंवा ती ओळ उपटून नष्ट करणे आवश्यक असते. कामाच्या घाईत शेतकऱ्याकडून हे राहून गेले, तर आमिषाने लाभाऐवजी हानीच होते.

वाळ्याचे वेगळेपण येथेच आहे. तो मादीला आकर्षित करतो. पण तिच्या अळ्यांना वाढू देत नाही. वेचणी राहून गेली, तरी किडीचा वंश तेथेच खुंटतो.

आफ्रिकेतील मक्यापासून चीनमधील भातापर्यंत

या संशोधनाची सुरुवात भातात नव्हे, तर मक्यात झाली. केनियातील नैरोबी येथील आंतरराष्ट्रीय कीटकशास्त्र संस्था 'इसिपे' आणि ब्रिटनमधील रॉथमस्टेड संशोधन केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मक्यावरील खोडकिड्यासाठी 'ढकला आणि ओढा' अशा आशयाची पद्धत विकसित केली. भारतीय वंशाचे कीटकशास्त्रज्ञ झेयाउर खान यांचा त्यात प्रमुख वाटा होता. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वनस्पती लावली जाते. तिच्या गंधाने पतंग दूर जातात. शेताच्या कडेने नेपियर म्हणजे हत्ती गवत लावले जाते. त्याकडे पतंग ओढले जातात. हत्ती गवतात शिरू पाहणाऱ्या अळ्यांभोवती चिकट द्रव पाझरतो आणि त्यांतील बहुतेक मरतात. शिवाय दोन्ही वनस्पती जनावरांना चारा म्हणून उपयोगी पडतात.

त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील कीटकशास्त्रज्ञ जॉनी व्हॅन डेन बर्ग यांनी वाळ्याकडे लक्ष वेधले. मका आणि ज्वारी पोखरणारा ठिपकेदार खोडकिडा मक्याऐवजी वाळ्यावर अंडी घालणे पसंत करतो आणि त्याच्या अळ्या वाळ्यावर फारशा जगत नाहीत, असे त्यांच्या प्रयोगांत आढळून आले. चीनमधील ग्वांगचौ येथे २००३ मध्ये भरलेल्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय वाळा परिषदेत या विषयाची मांडणी करण्यात आली. हा ठिपकेदार खोडकिडा मूळचा आशियातील असून विसाव्या शतकात तो आफ्रिकेत पोहोचला. महाराष्ट्रातील ज्वारी उत्पादकांना 'पोंगेमर' घडविणारी जी कीड परिचित आहे, ती हीच.

चीनमध्ये हांगचौ येथील झेजियांग कृषी विज्ञान अकादमीच्या शास्त्रज्ञांनी हीच कल्पना भातातील पट्टेरी खोडकिड्यावर तपासली. वाळा आणि सुदान गवत यांची सापळा पीक म्हणून क्षमता अभ्यासणारे त्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पट्टेरी खोडकिड्याच्या माद्यांनी भातापेक्षा वाळ्याला अधिक पसंती दिली आणि वाळ्यावर उबलेल्या अळ्यांना आपले जीवनचक्र पूर्ण करता आले नाही. पुढील अभ्यासांतून लागवडीचे अंतर आणि वेळ निश्चित करण्यात आली. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीस बांधांवर वाळा लावावा, एका ओळीतील दोन ठोंबांत ३ ते ५ मीटर आणि दोन ओळींत ५० ते ६० मीटर अंतर ठेवावे, अशी शिफारस करण्यात आली. भातासाठी राखलेली जमीन त्यात जात नाही. बांधावरच सर्व व्यवस्था होते.

वाळ्यावर अळी का जगत नाही?

वाळा आणि भात ही दोन्ही गवताच्या कुळातील झाडे आहेत. ऊस, मका, ज्वारी हीही त्याच कुळातली. त्यामुळे अनेक प्रकारच्या गवतांवर जगणाऱ्या खोडकिड्याच्या मादीला वाळ्याचे हिरवेगार ठोंब ओळखीचे वाटणे स्वाभाविक आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याला परिचित असलेला वाळ्याचा सुवास मुळांचा असतो, तर पतंगाला ओढून आणणारे संकेत जमिनीवरील पानांतून आणि खोडांतून येतात. मुळांच्या तेलातील नूटकाटोन हे द्रव्य उलट वाळवीला दूर पळविते, असे अमेरिकेतील लुइझियाना येथे झालेल्या संशोधनात २००१ मध्ये दाखविण्यात आले होते. एकाच झाडाचा एक भाग एका कीटकाला बोलावतो आणि दुसरा भाग दुसऱ्याला हुसकावतो.

अळीच्या मृत्यूमागे दोन कारणे असल्याचे चिनी शास्त्रज्ञांना दिसून आले. पहिले म्हणजे वाळ्यातून अळीला वाढीसाठी लागणारे पोषण पुरेसे मिळत नाही. दुसरे म्हणजे वाळा खाल्लेल्या अळीच्या शरीरातील विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, कार्य मंदावते. अन्न पचविणारी आणि झाडातील विषारी द्रव्ये निष्प्रभ करणारी, अशी दोन्ही प्रकारची विकरे त्यात येतात. अळी खाते, पण अन्न पचत नाही आणि विष बाहेर टाकण्याची तिची शक्तीही कमी झालेली असते. त्यामुळे ती कोवळ्या अवस्थेतच दगावते.

मादीने आपल्या पिल्लांना पोषक ठरेल असेच झाड निवडावे, असा निसर्गाचा सामान्य नियम असताना ती अशी चूक का करते, याचे कुतूहल वाटणे साहजिक आहे. मादी स्वत: पाने खात नाही. गंध, रंग आणि स्पर्श एवढ्यावरच तिला निर्णय घ्यावा लागतो. झाडाच्या आतील रस अळीला मानवेल की नाही, हे कळण्याचे साधन तिच्याजवळ नसते. वाळ्याचा सापळा या त्रुटीवर उभा आहे.

भारतात अडचण कुठे?

चीनमधील यश पट्टेरी खोडकिड्यावर मिळालेले आहे. ही जात भाताखेरीज अन्य गवतांवरही जगते. भारतात मात्र सर्वाधिक नुकसान पिवळ्या खोडकिड्यामुळे होते आणि त्याची सवय वेगळी आहे. तो जवळजवळ केवळ भातावर आणि भाताच्या रानटी भाऊबंदांवरच जगतो. इतर गवतांकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. त्यामुळे बांधावर वाळा लावला, की पिवळा खोडकिडा तिकडे वळेल, अशी अपेक्षा धरणे योग्य ठरणार नाही. परदेशातील यशस्वी उपाय आपल्याकडे आणताना कीड तीच आहे काय, हे प्रथम तपासावे लागते.

गुलाबी खोडकिड्याची गोष्ट निराळी आहे. तो भात, गहू, मका, ऊस, नाचणी अशा अनेक पिकांवर जगतो. पंजाब, हरयाणा या भात-गहू पट्ट्यांत त्याचा उपद्रव वाढलेला आहे. या जातीवरही वाळ्याचा असाच परिणाम चिनी प्रयोगांत नोंदविण्यात आला आहे. म्हणजेच भारतात वाळ्याला वाव आहे. परंतु तो प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक शिवारात सारखा नाही.

पिवळ्या खोडकिड्यासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी याच तत्त्वावर दुसरा मार्ग शोधला. कीड फक्त भातावरच येत असेल, तर आमिषही भाताचेच हवे. सुवासिक भाताच्या काही जातींवर पिवळा खोडकिडा विशेष प्रमाणात येतो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८९ मध्ये प्रसारित केलेली 'पुसा बासमती १' ही जात त्यांपैकी एक आहे. हैदराबाद येथील भात संशोधन संचालनालयाने, म्हणजे आजच्या भारतीय भात संशोधन संस्थेने, या उणिवेचा उपयोग करून घेतला. मुख्य पिकाच्या दर नऊ ओळींनंतर 'पुसा बासमती १'ची एक ओळ लावल्यास पतंग त्या ओळीकडे अधिक जातात आणि मुख्य पिकाचे नुकसान कमी होते. खोडकिड्याचा उपद्रव नेहमीच होणाऱ्या भागांसाठी ही शिफारस करण्यात आली.

वेचलेल्या अंड्यांचे काय करावे?

सुवासिक भाताची ओळ वाळ्यासारखी अळीला मारत नाही. अळी त्या ओळीत चांगली पोसते. म्हणून तेथे शेतकऱ्याचा हात लागणे अपरिहार्य आहे. दहातील एकाच ओळीवर लक्ष ठेवायचे असल्याने काम बरेच सोपे होते. पानांच्या शेंड्यांवरील लवयुक्त पुंज सहज दिसतात आणि पानाच्या तुकड्यासह खुडता येतात.

खुडलेले पुंज जाळून किंवा गाडून टाकावेत, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु त्यांतील अनेक अंड्यांत ट्रायकोग्रामा, टेलेनोमस, टेट्रास्टिकस यांसारख्या अतिसूक्ष्म परोपजीवी गांधीलमाश्यांची पिल्ले आधीच वाढत असतात. या माश्या खोडकिड्याच्या अंड्यांवरच जगतात. पुंज जाळले, तर शत्रूबरोबर मित्रही जळतात. यावर उपाय म्हणून भारतातील एकात्मिक कीड व्यवस्थापनात बांबूच्या पिंजऱ्याचा वापर सुचविला जातो. गोळा केलेले पुंज या पिंजऱ्यात ठेवून तो शेतात उभा केला जातो. उबलेल्या अळ्या आत अडकून अन्नावाचून मरतात आणि गांधीलमाश्या फटींतून बाहेर पडून पुन्हा शेतात पसरतात. पिंजऱ्याच्या वरच्या भागावर पक्षी बसू शकतील अशी सोय केलेली असते. त्यावर बसणारे पक्षी शेतातील पतंग आणि अळ्या टिपतात.

मित्रकीटकांना सांभाळणे किती लाभदायक ठरते, हे चीन, थायलंड आणि व्हिएतनाम या तीन देशांत चार वर्षे चाललेल्या एका मोठ्या प्रयोगातून दिसून आले. 'नेचर प्लान्ट्स' या नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, भाताच्या बांधांवर तिळासारखी मधुरस देणारी फुलझाडे लावल्याने कीटकनाशकांचा वापर ७० टक्क्यांनी कमी झाला आणि उत्पन्न ५ टक्क्यांनी वाढले. ही फुले किडीला भुलविण्यासाठी नसून परोपजीवी माश्यांना अन्न पुरविण्यासाठी असतात. वाळा आणि तीळ हे म्हणूनच परस्परांना पूरक ठरतात. पहिला शत्रूच्या मादीला बाजूला नेतो, दुसरा मित्राला शेतात टिकवून ठेवतो.

बांधावर उतरविताना

वाळ्याची लागवड अवघड नाही. दक्षिण भारतातील लागवडीखालील वाळ्याला रुजण्याजोगे बी धरत नाही. ठोंब फोडून त्याची लागवड करतात. त्यामुळे तो तणासारखा शेतात पसरत नाही. त्याची मुळे जमिनीत सरळ खोल जातात आणि माती घट्ट धरून ठेवतात. कर्नाटकात म्हैसूरजवळील गुंडलुपेट परिसरातील शेतकरी शेतांच्या हद्दीवर वाळा लावीत आले आहेत. जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी १९८० च्या दशकात धूप रोखण्यासाठी वाळ्याचा प्रसार सुरू केला, तेव्हा याच भागातील अनुभव त्यांना मार्गदर्शक ठरला. बांध टिकविणे, उन्हाळ्यात कोवळा पाला जनावरांना मिळणे आणि मुळांचे उत्पन्न हे लाभ किडीच्या बंदोबस्ताशिवाय वेगळे आहेत.

खरी अडचण जमिनीच्या तुकड्यांची आहे. दोन ओळींत ५० ते ६० मीटर अंतराची शिफारस मोठ्या सलग क्षेत्रासाठी आहे. कोकणातील अनेक खाचरे त्याहून कितीतरी लहान असतात. पतंगाला मात्र शेताची हद्द कळत नाही. एकाने सुवासिक भाताची सापळा ओळ लावून ती तशीच सोडली, तर त्याच्या शेतात पोसलेली कीड शेजाऱ्याच्या भातावर जाते. एकाने बांधावर वाळा लावला आणि शेजाऱ्याने मित्रकीटक मारणारे औषध फवारले, तर त्या औषधाचा परिणाम हद्दीपाशी थांबत नाही. म्हणून वनस्पती-आमिषाचा उपाय एका शेताऐवजी संपूर्ण शिवारासाठी आखला गेला, तरच त्याचे फळ मिळते. बांध सामाईक असल्यास त्यावर काय लावायचे, ठोंब कोणी आणायचे आणि गुरे कोणी आवरायची, हे गावकऱ्यांना आधीच ठरवावे लागते.

सापळा लावला म्हणून शेतावरील नजर काढून चालत नाही. रोपे लावण्यापूर्वी त्यांचे शेंडे खुडून टाकल्यास त्यांवरील अंडीपुंज रोपवाटिकेतच नष्ट होतात. कापणीनंतर जमिनीलगत धसकटे कापून नांगरट केल्यास त्यांत लपलेल्या अळ्या उघड्या पडतात. नत्रयुक्त खत प्रमाणाबाहेर दिल्यास भात लुसलुशीत होतो आणि कीड त्याकडेच वळते. अशा वेळी आमिषाची ओळ शेजारी असूनही निरुपयोगी ठरते. दर चौरस मीटरला एक अंडीपुंज किंवा ५ टक्के गाभेमर ही मर्यादा ओलांडली गेली, तरच औषधाचा विचार करावा, असे कृषी विभागाकडून सांगितले जाते. ही मर्यादा ओलांडली की नाही, हे सांगणारे यंत्र शेतात नसते. त्यासाठी आठवड्यातून किमान एकदा खाचरात उतरून पुंज आणि सुकलेले पोंगे मोजावे लागतात.

वाळा असो की बासमतीची ओळ, वनस्पतीचे आमिष हे काम कमी करते, संपवीत नाही. आपल्या भातात पिवळा खोडकिडा आहे, गुलाबी आहे की पट्टेरी, हे ओळखण्यापासून या कामाची सुरुवात होते. सुकलेला पोंगा ओढून, खोड चिरून आतली अळी पाहिली, की पुष्कळदा त्याचे उत्तर मिळते. पट्टेरी अळीच्या अंगावर लांबीला तपकिरी रेघा असतात, गुलाबी अळीची पाठ गुलाबट असते आणि पिवळ्या खोडकिड्याची अळी रेघांविना फिकट पिवळसर असते. बांधावर कोणते आमिष लावावयाचे, याचा निर्णय त्यानंतरच घेणे हिताचे ठरते.